दमयंतीबाईंच्या हातची कानातली

"जुळ्या बहिणी ना गं तुम्ही? मग एकीची मान ताठ आणि एकीची खाली, हे कसं चालायचं? लोकांनी काय म्हणायचं, आं?"

गॅलरीच्या पडद्याआडून येणारी ही कुरकुर दमयंतीबाई दुपारी पडल्या पडल्या ऐकत होत्या. परक्या माणसाला वाटलं असतं, आत कुणी बाप आपल्या दोन मुलींना फैलावर घेतोय. पण पाठकांना मुलगी एकच, निवेदिता, ती पुण्यात. आणि तिला फैलावर घेण्याची हिंमत त्या घरात कुणाची नव्हती. बोलणी खात होती ती कानातली. तांब्याच्या बारीक तारेची, निळ्या मण्यांची, बोटाच्या पेराएवढी. आणि बोलणी देत होते नृसिंहराव पाठक, पाटबंधारे खात्याचे निवृत्त हेडक्लार्क.

माणूस निवृत्त झाला की ऑफिस सुटतं, पण हाताखाली कुणीतरी असण्याची सवय सुटत नाही. पहिले काही महिने नृसिंहरावांच्या हाताखाली दमयंतीबाई होत्या. कुकरच्या शिट्ट्यांत नियमितता नाही, हळदीच्या डब्याशेजारी तिखटाचा डबा हे प्रशासकीयदृष्ट्या धोक्याचं आहे, असे शेरे त्यांना रोज ऐकावे लागत. मग एके दिवशी त्यांच्या कानातल्याचा आकडा तुटला, नृसिंहरावांनी पक्कड घेतली, आणि दमयंतीबाईंची सुटका झाली. त्यांच्या जागी मणी आले.

आता हा काही साधा उद्योग नव्हता. नृसिंहरावांचे वडील वामनराव दर श्रावणात टकळीवर सूत कातून घरचं जानवं घरीच करत, आणि तो पीळ मुलाच्याही बोटांत उतरला होता. ऑफिसात चाळीस वर्षं तो निरुपयोगी पडून राहिला. आता नृसिंहराव तीच टकळी घेत, सुताऐवजी तारेचे तीन पदर लावत, आणि असा घट्ट पीळ देत की बघणाऱ्याला तार नव्हे, दोरा वाटावा. त्यात मणी बसवत. आणि शेवटी, जिथे आकडा अडकतो तिथे, जानव्याला घालतात ती ब्रह्मगाठ. बाकी दुनिया तिथे तार नुसती दुमडते. नृसिंहरावांना नुसतं दुमडणं माहीत नव्हतं.

त्यातून जे निघे ते बघून दमयंतीबाई गप्प होत. एकदा नृसिंहरावांनी पांढऱ्या मण्यांचं ज्वारीचं कणीस केलं, भरलेलं, किंचित वाकलेलं. एकदा बाभळीचं फूल, पिवळंधमक, हात लावला तर गळेल असं. या माणसाने आपल्याला लग्नानंतर गजरासुद्धा कधी आणला नव्हता, आणि याच्या बोटांत हे सगळं एवढी वर्षं बसून होतं, या विचाराने त्यांना कौतुकही वाटे आणि थोडा रागही येई.

नृसिंहरावांची अट एकच होती. "बाहेर शब्द जाता कामा नये."

आपल्या भागात पुरुषाने काहीही करावं. ऊस लावावा, ऊस जाळावा, निवडणुकीला उभं राहावं, पडावं, चहाच्या टपरीवर बसून दिल्लीचं सरकार पाडावं. पण नृसिंह नावाच्या, ओठावर झुपकेदार मिशा असलेल्या, ज्याच्या नुसत्या खाकरण्याने डेप्युटी इंजिनियर खुर्चीत सरळ बसत असे, त्या माणसाने चष्मा नाकावर ओढून बायकांची कानातली करावीत? खात्यातली माणसं संध्याकाळी मुळा धरणाच्या रस्त्याला फिरायला भेटत. त्यांना काय सांगायचं?

म्हणून पडदा.

पडद्याला पहिलं भोक पाडलं शेजारच्या जयाने. जया देवळालीकडची, शेतकरी घरातली, नवरा विद्यापीठात. बेल वाजवणं हा तिला शेजारधर्माचा अपमान वाटे. ती थेट आत येई आणि डोळ्यांनी बघायच्या वस्तू हातांनी बघे. त्या दिवशी ती वाटी परत करायला आली आणि टेबलावरचं कणीस उचलूनच उभी राहिली.

"अगं बया! वहिनी, ही कुठनं आणली?"

पडद्यामागची पक्कड थांबली. अशी शांतता दमयंतीबाईंनी फक्त मुलगी बघायला आलेले पाहुणे पोहे खात असतानाच अनुभवली होती.

"मी केली," त्या म्हणाल्या.

दूध उतू जाताना हात आपोआप गॅसकडे जातो, तसं ते तोंडातून गेलं. पडद्यामागे कुणीतरी हळूच श्वास सोडला.

जयाने कणसाकडे बघितलं. मग दमयंतीबाईंच्या हातांकडे बघितलं. हे हात सगळ्या कॉलनीला ठाऊक होते. त्यांची करंजी तेलात गेली की तोंड उघडे आणि सारण कढईभर फिरे. त्यांच्या रांगोळीतल्या मोराला एका मुलाने मनापासून "बदक छान आहे काकू" म्हटलं होतं. त्यांनी लावलेलं बटण शर्टाला राही, पण काजाच्या समोर राहत नसे.

"लपवून ठेवली की हो कला," जया म्हणाली. आणि मग, जरा वेळाने, पडद्याकडे न बघता म्हणाली, "मला पण एक जोड द्या करून. घाई न्हाई. ज्याच्या त्याच्या सवडीनं."

जयाच्या कानांत कणसं झुलायला लागली आणि कॉलनी दमयंतीबाईंच्या दारात आली. मागणी आली त्याच्या दुप्पट सल्ले आले. एकीने सांगितलं, मोठी करा, खांद्याला टेकली पाहिजेत. दुसरीने सांगितलं, लहान करा, नातवंडं ओढतात. एकीचे यजमान कर सल्लागाराकडे कामाला होते, त्यांनी सांगितलं की आत्ताच नोंदणी करून घ्या, पुढं मोठं झालं म्हणजे जड जातं. जणू ते जावळ होतं. निवेदिताने पुण्याहून इन्स्टाग्रामवर पान काढून दिलं, त्यावर आईचा फोटो टाकला. फोटोत दमयंतीबाईंनी पक्कड हातात घेतली होती, पण पातेलं उतरवताना सांडशी धरतात तशी. शंभरेक लोकांनी फोटोला बदाम दिला. पकडीबद्दल कुणी काही लिहिलं नाही.

दमयंतीबाई रोज ठरवत की आज खरं सांगायचं, आणि रोज कुणीतरी त्यांचा हात हातात घेऊन म्हणे, "काय बोटं आहेत हो तुमची!" आता ज्या बाईच्या बोटांना जन्मात कुणी नावाजलं नाही, तिने अशा वेळी लगेच हात काढून घ्यावा ही अपेक्षा जरा जास्तच होती. त्या अर्धं मिनिट थांबत. मग काढून घेत.

पुढे तार संपली. नगरहून आणलेलं रीळ संपलं आणि दोन मागण्या अडल्या. नृसिंहरावांनी विचार करून तोडगा काढला: मोटार वायंडिंगच्या दुकानात अस्सल तांब्याची तार असते. जावं मात्र दमयंतीबाईंनी.

कानिफनाथचं दुकान बाजारतळाजवळ. बाहेर जळालेल्या मोटारींची रांग. उन्हाळ्यात आख्ख्या तालुक्याच्या विहिरींवरच्या मोटारी तिथे पोट फाडून पडलेल्या असतात.

"किती एच.पी.ची मोटार हाय, काकू?"

"अं... लहानच आहे."

"पाण्यातली का वरची?"

दमयंतीबाईंनी थोडा विचार केला. "वरची." कानांत घालायची म्हणजे वरचीच.

"आन तार किती म्हनलात?" ऐकून कानिफनाथने हातातला चहा खाली ठेवला. "काकू, एवढ्या तारंत मोटार काय, मिक्सर बी भरायचा न्हाई. तुमाला कुनी फसवतंय. मी येऊनच बघतो."

"नको नको—"

"पैसं न्हाई लागायचं. पाठकसाहेबांनी आमचं पाटाचं काम करून दिल्तं. त्यांच्या घरची मोटार जळली आन मी आलो न्हाई, असं व्हयाचं न्हाई."

कृतज्ञ माणसाला थांबवणं फार अवघड. तो त्याच दुपारी आला. पाठकांच्या घरात मोटारच नव्हती, म्हणून त्याने सोसायटीची मोटार गाठली. ती उत्तम चालली होती. पण तपासायला आलेल्या माणसाने उत्तम चाललेली वस्तू न उघडता परत जाणं बरं दिसत नाही. त्याने ती उघडली. मग त्याच्या लक्षात आलं की एक सील जुनं आहे, आणि ते नगरलाच मिळतं. दोन दिवस कॉलनीत टँकर आला. सोसायटीचे सेक्रेटरी रांगेत बादली घेऊन उभे राहिले आणि चांगल्या मोटारीची तक्रार कुणी केली याची चौकशी करत राहिले. दमयंतीबाई त्यांच्याच मागे उभ्या होत्या. त्यांनी चौकशीला पूर्ण पाठिंबा दिला.

सील बसवून झाल्यावर कानिफनाथ वर हात धुवायला आला तेव्हा पडदा वाऱ्याने बाजूला झाला होता. टकळी, मणी, चष्मा लावलेले साहेब. त्याने बघितलं, ओल्या हातांनी नमस्कार केला, आणि दुसऱ्या दिवशी एक मोठं रीळ पाठवून दिलं. सोबत निरोप: "काकूंच्या मोटारीला ही तार ब्येस बसंल."

ब्रह्मगाठ मात्र पकडली ती दत्तमंदिरातल्या श्रीपादगुरुजींनी. जया तीर्थाला वाकली आणि गुरुजींची पळी हवेतच राहिली. जया घरी येऊन म्हणाली, "गुरुजी माझ्या कानाकडं बघत व्हते. मला कसंसंच झालं." संध्याकाळी गुरुजी स्वतःच पाठकांकडे आले.

"वहिनी, त्या जयाबाईंच्या कानात जे आहे, त्याच्या वरच्या टोकाची गाठ तुम्ही घातलीत?"

"हो."

"कुठे शिकलात?"

"यूट्यूबवर."

गुरुजींनी डोळे मिटले. "यूट्यूबवर आली ती?" गंगा टँकरने आली असं कुणी सांगितल्यावर माणूस ज्या स्वरात बोलेल त्या स्वरात ते बोलले. नृसिंहराव कोपऱ्यात बसून अत्यंत मन लावून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. त्यांच्या अंगठ्यावर तारेचे बारीक चरे होते. गुरुजींची नजर तिथे जाऊन जरा थांबली.

"वामनराव घालायचे अशी," ते चहा घेता घेता म्हणाले. "शेवटचा फेरा डावीकडून घ्यायचे. आता गावात अशी गाठ घालणारं कुणी उरलं नाही, असं मला वाटत होतं." मग उठले, चपला घातल्या, आणि दारातून म्हणाले, "वहिनी, तुमच्या यूट्यूबला माझा नमस्कार सांगा."

नृसिंहरावांनी त्या रात्री जेवताना भात दोनदा घेतला. दमयंतीबाईंनी ते बघितलं. तेव्हा त्यांच्या मनात पहिल्यांदा खुपलं. या माणसाला नावाजलेलं हवं होतं. बायका दारात कौतुक करत तेव्हा पडद्यामागची पक्कड थांबायची. त्यांना वाटे, हे घाबरून थांबतात. हे ऐकायला थांबत होते.

"सांगून टाकू या का?" त्यांनी विचारलं.

"काय करायचंय नाव?" नृसिंहराव म्हणाले. "मला पेन्शन आहे."

आता पेन्शनचा आणि याचा संबंध काय? पण नवऱ्याने असं उत्तर दिलं की समजावं, विषय वर्मी लागला आहे.

मग आला मुळाकाठ महिला मंचाचा मेळावा. मंचाची चिटणीस मोनिका फोनवरसुद्धा माईक धरल्यासारखी बोलायची. "काकू, स्टॉल तुमचा पक्का! अट एकच, वस्तू महिलेनं स्वतः केलेली पाहिजे. पुरुषांनी सामान उतरवून द्यायचं आणि बाहेर मांडवात बसायचं. आणि काम करतानाचा फोटो पाठवा. फक्त हात. आम्ही बॅनरवर लावतोय!"

फक्त हात. दमयंतीबाईंच्या हातांनी पीळ येत नव्हता आणि नृसिंहरावांच्या हातांवर केस होते. दोघांनी बराच वेळ एकमेकांच्या हातांकडे बघितलं.

"पावडर लावू," दमयंतीबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"आणि एक पाटली घालू. बेंटेक्सची आहे."

त्यानंतर घरात जे झालं ते पाटबंधारे खात्याच्या इतिहासात बसणारं नाही. नृसिंहराव पाठक स्टुलावर बसले, त्यांच्या मनगटावर पावडर थापली गेली, आणि साबण लावून पाटली चढवली गेली. चढताना ती बोटांच्या सांध्यांवर अडकली, तेव्हा "श्वास सोडा" असंही सांगितलं गेलं, ज्याचा काही उपयोग नव्हता. फोटो मात्र सुंदर आला. हात कामात होते, तारेला पीळ पडत होता, पाटली चमकत होती. मोनिकाचं उत्तर लगेच आलं: "कष्टाचे हात! सलाम!"

पाटली निघेना. साबण झाला, खोबरेल झालं, गार पाणी झालं. हात सुजला. दुसऱ्या दिवशी हयातीच्या दाखल्याचं काहीतरी राहिलं होतं म्हणून नृसिंहरावांना बँकेत जावं लागलं, आणि भर एप्रिलात ते लांब बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटण लावून गेले. अंगठा उठवायला हात पुढे केला तेव्हा काउंटरवर किण्ण असा आवाज झाला. समोरच्या मुलीने वर बघितलं. नृसिंहराव खाकरले. मुलगी खुर्चीत सरळ बसली. खाकरण्यात अजून दम होता, एवढाच काय तो त्या दिवसाचा आधार.

पाटली कापली कानिफनाथने, कटरने, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून. काही विचारलं नाही. फक्त काप झाल्यावर म्हणाला, "साहेब, हाताला जपा. लई कामाचा हात हाय."

मेळाव्याच्या आधी मोनिकाने आणखी एक आनंदाची बातमी दिली. दमयंतीकाकूंनी स्टेजवर प्रात्यक्षिक दाखवायचं होतं.

तेव्हा शिकवणी सुरू झाली. नृसिंहराव पहिल्यांदाच पडद्याबाहेर येऊन बसले. दमयंतीबाईंनी टकळी फिरवली की ती पळून पलंगाखाली जाई. पीळ घट्ट होता होता तार तुटे, सैल ठेवावी तर मणी नाचत. ऑफिसात टायपिंगच्या एका चुकीवरून माणसं रडवलेला हा गृहस्थ, पण इथे एकदाही ओरडला नाही. "तारेला ओढायचं नाही," तो सांगे, "तिला वाटलं पाहिजे की आपणच वळतोय." दमयंतीबाईंच्या मनात आलं, हे वाक्य यांनी संसाराच्या सुरुवातीला स्वतःला सांगितलं असतं तर! पण त्या बोलल्या नाहीत, कारण समोर नवऱ्याची बोटं चालली होती. जाड, आखूड, नखं कापलेली, क्लार्कची बोटं. पण तारेपाशी आली की ती बोटं राहत नसत. त्यांना वजन नसे. मणी उचलताना ती एवढी हळू होत की जणू झोपलेल्या बाळाच्या मुठीतून काही काढून घ्यावं. दमयंतीबाई बघत राहिल्या आणि त्यांनी हातातल्या तारेऐवजी स्वतःचं बोट पकडीत दाबलं.

बोटाला पट्टी बांधली गेली. आता निमित्त तरी मिळालं, असं दोघांनाही वाटलं, आणि दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

मेळावा एका मंगल कार्यालयात होता. दारात बॅनर: पाटली घातलेला, पावडर लावलेला नृसिंहरावांचा हात, दरवाजाएवढा. खाली लिहिलेलं, "तिच्या हाताला यश येवो". नृसिंहरावांनी त्याखालून मान खाली घालून सामान आत नेलं. बाहेर मांडवात बसायचं सोडून ते स्टॉलच्या मागच्या कापडाआड, कुरडयांच्या पोत्यांमध्ये, स्टुलावर बसले. सुटलेला आकडा कापडाखालून मागे जाई आणि बसवून पुढे येई.

पोती होती शेजारच्या स्टॉलच्या गोजरबाईंची. श्रीगोंद्याच्या, सत्तरीच्या, नातसुनेला घेऊन आलेल्या. त्यांना पोत्यातून कुरडया काढायला सारखं मागे जावं लागे. दोन-तीनदा मागे जाऊन आल्यावर त्या दमयंतीबाईंच्या शेजारी टेकल्या.

"मालक लई मदत करत्यात की वो."

"हो... करतात."

"आमच्या मालकाला म्या कवा सांडग्याचं पीठ सुदिक हलवायला लावलं न्हाई." मग कणसाचं कानातलं उचलून उजेडात धरलं. "जोंधळ्याचं हाय. हुरड्यात आलेलं न्हाई, पार भरल्यालं हाय. ज्यानं केलं त्यानं रानात उभं ऱ्हाऊन बघितलंय ह्ये." आणि दमयंतीबाईंकडे बघून एवढंच म्हणाल्या, "नातसूनंला द्या येक जोड."

दुपारी मोनिकाने माईक हाती घेतला. "आता, बॅनरवर ज्यांचे हात आपण बघितले, त्या दमयंतीकाकू!"

दमयंतीबाई स्टेजवर गेल्या. पट्टी दाखवली. "बोटाला लागलंय."

"कष्टाचे हात!" मोनिका म्हणाली. "थोडंसंच करा."

त्या बोलायला लागल्या. बोलणं फार छान झालं. वर्षभर पडद्याआडून ऐकून ऐकून त्यांना सगळं पाठ होतं. तीन पदर का, पीळ कुठे थांबवायचा, तारेला ओढायचं का नाही. समोरच्या बायका माना डोलवत होत्या. मग त्यांनी तार हातात घेतली. टकळी एक गिरकी घेऊन स्टेजवरून उतरली. पदर एकमेकांत गेले, मणी उडाले आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांखाली घरंगळले. दमयंतीबाईंच्या हातात उरलं ते चिमणीने घरटं अर्धवट टाकून द्यावं तसं काहीतरी होतं.

"मॉडर्न असंल," मागून कुणीतरी दयेने म्हणालं. जया पुढेच बसली होती. ती पर्स उघडून आत काहीतरी शोधायला लागली.

तेव्हा स्टॉलमागचं कापड हललं. नृसिंहराव आले. मोनिका "पुरुषांना स्टेजवर—" एवढं म्हणाली, पण ते तिच्या बाजूने असे गेले जसं साहेबांच्या केबिनमध्ये सहीची फाईल घेऊन जावं. खाली बसले. दमयंतीबाईंच्या हातातून ते घरटं हळूच काढून घेतलं, चष्मा नाकावर ओढला, आणि उलगडायला सुरुवात केली.

बायका खुर्च्यांवरून उठून पुढे आल्या. तार सरळ झाली, तिला पीळ आला, खुर्च्यांखालचे मणी एकेक करून हातोहात परत येत गेले आणि एकेक करून बसत गेले. ती जाड बोटं त्या शंभर डोळ्यांसमोर एकदाही थरथरली नाहीत. शेवटी गाठ आली. डावीकडून फेरा आला. आणि त्यांच्या तळहातावर एक बाभळीचं फूल उमललं. गोजरबाईंची नातसून "आई गं" म्हणाली, अगदी हळू.

"टाळ्या!" मोनिका भानावर आली. "बायकोचा हात दुखला तर पती धावून आला! अशा सहकार्य करणाऱ्या पतीराजांसाठी जोरदार टाळ्या! प्रत्येक पुरुषानं असंच सहकार्य करावं!"

टाळ्या पडल्या, पण कशा? हळदीकुंकवाला आवडलेलं वाण दुसरीला मिळाल्यावर हसतात तशा. सगळ्यांनी बघितलं होतं, सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळ्या टाळ्या वाजवत एकमेकींकडे बघत होत्या. जयाचं डोकं पर्समध्येच होतं. "व्हय, लई सहकार्य," गोजरबाई कोरड्या आवाजात म्हणाल्या आणि तोंड मिटलं.

शाल आली, नारळ आला. मोनिकाने शाल दमयंतीबाईंच्या खांद्यावर घातली. "सर्वोत्कृष्ट हस्तकला, सौ. दमयंती नृसिंह पाठक! या हातांचा सन्मान!"

दमयंतीबाईंनी आपल्या हातांकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. ते एका बाजूला, सामान उतरवून झालेल्या माणसासारखे उभे होते, आणि ते फूल अजून त्यांच्या तळहातावर होतं. त्याच्याकडे कुणी बघू नये म्हणून त्यांनी मूठ मिटायला घेतली, पण फूल चुरगळेल म्हणून मूठ पूर्ण मिटता येत नव्हती. दमयंतीबाईंना बोलायचं होतं, पण शब्द बाहेर जाता कामा नये असं त्यांनी कबूल केलं होतं; आणि इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी पाळलेली ही एकच आज्ञा होती. त्यांनी नवऱ्याकडे नुसतं बघितलं. सोडवा मला यातून, असं.

नृसिंहराव खाकरले.

मोनिका सरळ उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या बायका सरळ बसल्या. नृसिंहरावांनी पुढे होऊन तिच्या हातातला माईक घेतला, तो चालू आहे ना हे बोटाने टकटक करून बघितलं, आणि इतिवृत्त वाचून दाखवायच्या आवाजात म्हणाले,

"मॅडम, एक दुरुस्ती आहे. सहकार्य ह्यांचं आहे. कानातली मी करतो."